केरकरबाईंचं दुपारचं दुखणं

डॉ. सुमन केरकर यांच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं खरं आहे हे त्यांच्याखेरीज कोणाला पटत नव्हतं. सोनोग्राफी झाली होती. तोंडातून आणि खालून, दोन्हीकडून दुर्बीण घालून झाली होती. सीटी स्कॅनही झाला होता. सगळे रिपोर्ट चांगले होते. दुखणं दुपारी यायचं, काही वेळ राहायचं आणि निघून जायचं. यायचं तेव्हा घरात दुसरं कोणी नसायचं, आणि त्या मुलुंडला रुग्णालयात पोचेपर्यंत त्याचा मागमूस नसायचा.

मुलुंडचं ते रुग्णालय त्यांचंच होतं म्हणायला हरकत नाही. पोटाच्या सर्जन म्हणून नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तिथे काढली होती. भांडुपपासून ठाण्यापर्यंत कितीतरी माणसं पोटावरची शिवण दाखवून "ही केरकरबाईंची" असं सांगत. निवृत्त झाल्यावर त्या घाटकोपर पूर्वेच्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, आईच्या माघारी एकट्या राहत होत्या. त्यांचं दार आमच्या दारासमोर. मी वर्तमानपत्रात काम करतो आणि माझी पाळी संध्याकाळी सुरू होते. बायको, मेघा, सकाळीच ऑफिसला जाते. त्यामुळे दुपारी आमच्या मजल्यावर माणसं दोनच असत. ओळख झाली ती एवढ्या कारणाने.

त्या मला "पेपरवाल्या" म्हणत. नाव त्यांना माहीत होतं, पण वापरलं नाही. बोलणं मोजकं आणि तोडून टाकणारं. सकाळी पेपर वाचून झाला की दार उघडून विचारत, "काय रे पेपरवाल्या, पान तीनवरचा अपेंडिक्स डावीकडे कसा गेला?" चूक आमचीच असे.

घरात त्या कधी विस्कटलेल्या दिसल्या नाहीत. खळ घातलेली सुती साडी, खांद्यावर पिन, केस घट्ट मागे. दूधवाल्यासाठीही दार उघडायचं तर साडीतच. रुग्णालयात म्हणे नव्या परिचारिकांना त्यांच्या निऱ्यांचीच पहिली धास्ती वाटायची. ऑपरेशनचे हिरवे कपडे उतरवले की तपासणीच्या खोलीत जाण्याआधी त्या पुन्हा पूर्ण साडी नेसत. कोणी घाई केली तर म्हणत, "पेशंट उघडा पडलेला असतो. समोरच्याने तरी नीट कपड्यात असावं."

संध्याकाळी त्यांच्या घरात टीव्ही चालू असे, पण आवाज बंद. क्रिकेट असो, बातम्या असोत, माणसं तोंड हलवत राहत आणि बाई समोर बसून शेंगा सोलत. आवाज का नाही लावत, असं मेघाने एकदा विचारलं. "आईला ऐकू येत नव्हतं," त्या म्हणाल्या. आईला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. बोरिवलीला धाकटा भाऊ होता. त्याचा रविवारी फोन येई आणि तो लवकर संपे.

त्यांची काम करण्याची पद्धत मला कळली ती डॉ. नितीन साळवींकडून. साळवी त्यांच्या हाताखाली शिकले आणि आता त्याच रुग्णालयात त्यांच्या जागेवर आहेत. बाई पोटाला हात लावण्याआधी चहाचा ग्लास मागवत आणि तो दोन्ही तळव्यांत धरून बसत. चहा पीत नसत. हात गरम झाले की ग्लास बाजूला ठेवत, आणि तो तिथेच गार होई. पेशंटला पहिला प्रश्न ठरलेला: "किती दुखतंय ते नको सांगूस. कसं दुखतंय ते सांग." लहानथोर सगळ्यांना तूच. समोरचा कोकणातला निघाला तर भाषा बदलायची. "खय दुखता? हय? मगे थयसर बोट कित्या दाखवतंस?"

साळवी शिकाऊ डॉक्टर असताना एका बस कंडक्टरच्या पोटदुखीबद्दल त्यांना म्हणाले, "मॅडम, काही नाहीये. नाटक करतोय."

"तू किती वेळ बघितलंस त्याला?"

"राउंडला बघितलं ना, मॅडम."

"राउंडला सगळे बरे असतात. बस इथे. दुखेपर्यंत उठायचं नाही."

साळवी स्टुलावर बसून राहिले. वॉर्डातल्या परिचारिका येता-जाता त्यांच्याकडे बघून हसत होत्या. जेवणाची वेळ गेली. कोणीतरी दिलेला वडापाव त्यांनी तोंडाला लावला तेवढ्यात कंडक्टर पाय पोटाशी घेऊन कण्हायला लागला. साळवींच्या हाताखाली पोट लाकडासारखं झालं. जुन्या ऑपरेशनच्या व्रणाला आतडं चिकटून पीळ बसत होता. हा प्रसंग सांगताना साळवी म्हणाले, "त्या दिवसानंतर नाटक हा शब्द मी वापरला नाही." पुढे काय झालं ते पाहता त्यांनी शब्द फक्त बदलला होता.

बाईंच्या टेबलाच्या खणात एक पांढरा मोजा असायचा. आतल्या बाजूने त्याला एक बटण शिवलेलं. ज्या आजाराशी या लेखाचा संबंध आहे तो त्या या मोज्यावर समजावून सांगत. बटण चिमटीत धरून आत ओढलं की मोजा स्वतःच्याच पोटात शिरत जाई. "आतडं असं करतं," त्या म्हणत. "एक भाग पुढच्या भागात घुसतो. अन्न अडतं, वारा अडतो, उलट्या होतात. घुसलेल्या भागाचा रक्तपुरवठा आवळला जातो. कधी आपोआप सुटतं, मग माणूस बरा. परत घुसतं. आणि एक दिवस सुटत नाही. मग ते काळं पडतं." लहान मुलांत बहुतेक वेळा बटण सापडत नाही, आणि हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने आतडं मोकळं होतं. "मोठ्या माणसात बटण आहे असं धरूनच चालायचं. गाठ असते, कधी साधी, कधी वाईट. ती काढल्याशिवाय सुटका नाही."

बाईंचे असेच एक पेशंट गावडे, दिंडोशीच्या न्यायालयात लघुलेखक होते. त्यांना महिनोन्‌महिने पोटात कळ यायची आणि बाईंपर्यंत पोचेपर्यंत काही राहायचं नाही. बायको बरोबर असायची, ठसठशीत बाई, मालवणकडची. तिच्या मते फारशी काळजी नव्हती.

"गोळो येता तो मी जिरवतंय मा," ती म्हणाली. "बेंबी सरकता त्यांची. खोबरेल तेल लावन असा चोळतंय, की हाताखाली गुरगुरता आणि जाता."

गावात हे सगळेच करतात. तिच्या आईने केलं, सासूने केलं. गोळा खरोखरच जात होता, त्यामुळे तिच्या हाताला गुण आहे हे घरात सर्वमान्य होतं. बाईंनी तिला हसण्यावारी नेलं नाही. बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुजो हात चांगलो आसा. पण पुढच्या टायमाक तो लावू नको."

"म्हणजे त्यांका तसाच आरडाक देऊ?"

"व्हय. आरडांदे. गोळ्यासकट घेवन ये."

गावडेबाईंना हे फार जड गेलं. पुढच्या वेळी कळ आली तेव्हा त्या नवऱ्याला रिक्षात घालून दिंडोशीहून लिंक रोडने मुलुंडला आल्या, आणि सगळा रस्ता स्वतःच्या दोन्ही हातांवर बसून आल्या. हात मोकळे राहिले असते तर पोटाकडे गेले असते. गोळा हाताला लागला, स्कॅनमध्ये दिसला. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला गाठ होती. मोठ्या आतड्यात ती वाईट असण्याची शक्यता जास्त, म्हणून बाईंनी घुसलेलं आतडं सोडवलं नाही. जसं होतं तसं, गाठीसकट कापून काढलं आणि चांगली टोकं जोडली. गाठ कर्करोगाची निघाली, पण वेळेवर निघाली. गावडे अजून आहेत.

हे सगळं ज्या बाईंना पाठ होतं, त्यांच्या पोटात आता दुखत होतं. त्यांनी स्वतःचं निदान पहिल्या दोन-तीन वेळांतच केलं होतं. उताणं झोपून स्वतःच्या पोटावर हात ठेवायचा, बेंबीच्या उजवीकडे, खाली, लांबट काहीतरी लागायचं. ते त्यांच्या बोटांना ओळखीचं होतं. अडचण अशी की, बोटं त्यांची होती आणि पोटही त्यांचंच.

साळवींनी त्यांना नीट तपासलं, दरवेळी तपासलं. शेवटच्या खेपेला काय बोलणं झालं ते बाईंनी मला जिन्यात सांगितलं. लिफ्ट बंद होती आणि त्या दर मजल्यावर थांबत होत्या.

"म्हणाला, मॅडम, रिपोर्ट तुम्हीच बघा. मी म्हटलं, रिपोर्ट दुखत नसताना काढलेत. तर म्हणतो, बरोबर आहे, पण एक विचारू का, राग मानू नका. तुम्ही एकट्या असता. आई गेल्यापासून मन रमत नसेल. कधी कधी शरीर असं दाखवतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, नितीन, हे वाक्य मी तुला शिकवलेलं नाही." त्यांनी कठड्याला धरून श्वास घेतला. "गोळी दिलीय. मन शांत राहायची. गोळी चांगली आहे रे, झोप छान लागते. दुपारी दुखायचं ते दुखतंच."

"रिक्षात असताना दुखतं का?"

"निघताना दुखतं. मुलुंडला उतरेपर्यंत नाही. गावडेला बायको होती गोळा जिरवायला. मला एलबीएस रोडचे खड्डे आहेत."

या काळात दुपारी त्यांच्या दारातून बोलण्याचा आवाज यायचा. शब्द कळत नसत. कोणी पाहुणे येत असावेत असं मला वाटे, आणि बरंही वाटे. एका दुपारी त्यांचं कुरिअर आमच्याकडे आलं. ते द्यायला गेलो तेव्हा आतला आवाज प्रथमच स्पष्ट ऐकू आला. "उजवीकडे. बेंबीच्या खाली. लांबट आहे. कळ येते तशी कडक होते. लिहून घे." मी बेल वाजवली. आवाज थांबला. दार उघडायला बराच वेळ लागला.

दार उघडलं तेव्हा बाई निळ्या काठाच्या साडीत होत्या. पिन लावलेली, केस विंचरलेले. कपाळावर आणि वरच्या ओठावर घाम. मागे खोलीत कोणी नव्हतं. टीव्हीवर कुणीतरी मुकाट्याने भाषण करत होतं.

"पाहुणे आहेत का?"

"नाहीत. दुखत होतं."

"मग बोलत कोणाशी होतात?"

"कोणाशी नाही. सवय आहे. बोलून दाखवलं की नीट कळतं."

"मला हाक मारायची ना, बाई. मी समोर तर असतो."

"गाऊनवर होते."

हे त्यांनी सहज म्हटलं. कुरिअरचं पाकीट हातात तसंच राहिलं. थोड्या वेळाने त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या, एखाद्या पेशंटचं सांगावं तशा.

"तू बेल वाजवलीस तेव्हा होतं. हाताखाली होतं. साडी नेसून होईपर्यंत गेलं." पाकीट बाजूला ठेवलं. "दर वेळी असंच झालंय. कळ आली की आधी उठते. साडी नेसते, केस करते, मग रिक्षा. मुलुंडला पोचते ती एकदम नीटनेटकी. नितीन तरी काय करणार? गावडेची बायको निदान चोळत होती. मी निऱ्या घालत बसलेय."

"पुढच्या वेळी गाऊनवरच चला."

"गाऊनवर हॉस्पिटलात?" हा प्रश्न त्यांनी मला नाही, आईला विचारल्यासारखा विचारला. मग म्हणाल्या, "मुलुंडला नाही जायचं. स्टेशनजवळ स्कॅनवाला आहे ना, तिथे. पाच मिनिटांचा रस्ता. आणि तुझ्या मेघाला सांगून ठेव. मी गाऊनवर तुझ्या दारात दिसले तर भलतंच वाटायचं तिला."

त्यानंतर दुखणं आलंच नाही. आठवडे गेले. बाई दुपारी दार लोटून ठेवू लागल्या, कडी लावत नसत. मी घरात असलो की आमचंही दार उघडं ठेवी. समोरासमोर दोन उघडी दारं आणि मधे चपला. कधी त्या तिथूनच सांगत, "आज काही नाही रे." त्यांच्या आवाजात निराशा असे. दुखावं म्हणून वाट पाहणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

ज्या दुपारी आलं, त्या दुपारी त्यांनी हाक मारली नाही. सरळ येऊन दारात उभ्या राहिल्या. फिकट आकाशी गाऊन, बाह्यांना विरलेला, खिशापाशी हळदीचा डाग. केस सुटलेले. एक हात पोटावर, दाबलेला नाही, नुसता ठेवलेला. "चल," म्हणाल्या.

खाली आवारात सावलीच्या बाकावर बायका बसल्या होत्या. त्यांतली एक उठलीच. "अगं बाई, केरकर डॉक्टर! काय झालं?"

"बघ गं, बघून घे," बाई चालता चालता म्हणाल्या. "परत नाही दिसणार अशी."

रिक्षात बसल्यावर त्यांनी चालकाच्या खांद्यावर बोट आपटलं. "भैया, आहिस्ता. पेट में है, जाना नहीं चाहिए."

त्याने आरशात पाहिलं. पांढरे केस पाहून त्याचा गोंधळ झाला. "बच्चा है क्या, माँजी?"

"हां. सत्तर साल का है. गड्ढा बचाके चल."

तो खरोखरच खड्डे चुकवत गेला. वाटेत बाईंना उलटी झाली. तोंड पुसून त्या म्हणाल्या, "हिरवी आहे. चांगलं आहे. या वेळी घट्ट बसलंय." चांगलं हा शब्द त्या कोणत्या अर्थाने वापरत होत्या हे मला कळत होतं, तरी ऐकायला बरं वाटलं नाही.

स्कॅन सेंटरवरच्या मुलीने अपॉइंटमेंट विचारली. नाही म्हटल्यावर नातेवाईक कोण ते विचारलं. मी शेजारी असल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "मॅम, इमर्जन्सी असेल तर हॉस्पिटललाच जावं लागेल ना. इथे आम्ही असं नाही घेत."

बाईंनी दोन्ही हात काउंटरवर टेकले. "मुली, मी सर्जन आहे. माझ्या पोटात जे आहे ते तुझ्याशी वाद घालेपर्यंत निघून जाईल. आधी मला टेबलावर घे. मग हवं तेवढं ओरड माझ्यावर."

मुलीने गाऊनकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. आत घेतलं.

स्कॅन झाल्यावर त्या स्ट्रेचरवर झोपायला तयार नव्हत्या. तंत्रज्ञाच्या खुर्चीला धरून पडद्यासमोर उभ्या राहिल्या. पडद्यावर पोट करड्या रंगात कापल्यासारखं दिसत होतं, आणि उजव्या बाजूला खाली, आडव्या कापलेल्या कांद्यासारखी वर्तुळं होती. एकात एक. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"तुला दिसतंय?"

"दिसतंय."

"परत सांग."

"दिसतंय, बाई. गोल आहे. आत अजून एक गोल आहे."

त्यांनी मान हलवली. मग खुर्चीवर बसल्या आणि फोन लावायला सांगितला.

"नितीन, केरकर. पकडलंय."

"काय, मॅडम?"

"फोटो पाठवतायत. बघ आणि मग बोल."

फोटो पोचले. मग साळवींचा आवाज आला, "मॅडम, सॉरी."

"ते नंतर. ओटी मोकळी कर. पोट फुगत चाललंय, वारा जात नाहीये. या वेळी ते सुटणार नाही."

मुलुंडला नेलं तेव्हा साळवी दारात उभे होते. नाकातून नळी घातली, सलाइन लावलं. भाऊ बोरिवलीहून निघाला होता आणि वाहतुकीत अडकला होता. संमतीच्या कागदावर बाईंनी स्वतःच सही केली. साळवींनी पोटावर हात ठेवला.

"हात गार आहेत तुझे," बाई म्हणाल्या.

"सॉरी, मॅडम."

"असू दे. लागतंय का हाताला?"

"लागतंय, मॅडम. आहे."

बाईंनी डोळे मिटले. मी तिथे होतो. ऑपरेशन अजून व्हायचं होतं, काय निघेल ते माहीत नव्हतं, पण त्या क्षणी त्यांचा चेहरा सैल झाला. थोड्या वेळाने डोळे न उघडताच त्या सूचना देऊ लागल्या. "लहान आतडं आहे. सोडवायचं झालं तर ओढायचं नाही. पलीकडून हलक्या हाताने दाबत मागे सरकवायचं. रंग गेला असेल, गाठ संशयाची वाटली, तर त्या भानगडीत पडू नकोस. एकत्र काढ."

"हो, मॅडम."

"घाई मला आहे. तुला नाही."

ऑपरेशन झाल्यावर साळवी बाहेर आले तेव्हा भाऊही पोचला होता. साळवी आमच्या दोघांकडे बघत म्हणाले, "बटण सापडलं." भावाला काही कळलं नाही. त्याला मोज्याची गोष्ट ठाऊक नव्हती. साळवींनी मग त्याला नीट सांगितलं: लहान आतड्याच्या आत चरबीची गाठ होती, जांभळाएवढी. तिला पुढे ढकलताना आतडं स्वतःत शिरत होतं. घुसलेला भाग काळा पडायला लागला होता, म्हणून सोडवण्याचा प्रयत्न न करता तेवढा तुकडा काढला आणि टोकं जोडली. आणखी उशीर झाला असता तर आतडं फुटलं असतं. पुढे तपासणीचा रिपोर्टही आला. गाठ साधी होती. पोट पुन्हा दुखलं नाही.

भावाने सांगितलं, आता एकटीने राहायचं नाही. बाई वाद घालतील असं आम्हाला वाटलं होतं. त्या "बरं" म्हणाल्या. घाटकोपरचं घर भाड्याने द्यायचं ठरलं. बोरिवलीला जाण्याच्या आदल्या शनिवारी त्यांनी मला मुलुंडला बरोबर चलायला सांगितलं. पिशवी उचलायला अजून मनाई होती.

रुग्णालयाच्या सभागृहात शिकाऊ डॉक्टरांची बैठक होती. दर आठवड्याला एखादा वेगळा पेशंट मांडतात. बाई शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसल्या. खळ घातलेली साडी होती. मुलांची तुकडी नवी होती, बाईंना कोणी ओळखत नव्हतं. दिवे मंद झाले आणि साळवींनी पडद्यावर पहिली पाटी आणली: सत्तरी ओलांडलेली स्त्री, अधूनमधून पोटदुखी. नाव नव्हतं. वय, रक्तदाब, साखर, जुनी ऑपरेशनं, सगळं क्रमाने लिहिलेलं. मग चांगला असलेला जुना स्कॅन. मग वर्तुळं. मुलं पुढे झुकली.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, सिम्प्टम्स इतके महिने होते. मग डायग्नोसिसला एवढा उशीर का?"

साळवी क्षणभर मागच्या रांगेकडे बघत राहिले. "आम्हाला ते मानसिक वाटलं," म्हणाले. "मला वाटलं."

"पण सर," तिच्या बाजूचा मुलगा म्हणाला, "घरच्यांना सांगायचं ना, कळ आली की लगेच स्कॅनला आणा. सिम्पल आहे."

बाई पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"घरी कोणी नव्हतं," त्या म्हणाल्या.

मुलगा मागे वळला. "तुम्हाला कसं माहीत, मॅडम?"

"मी विचारलं तिला." त्यांचा आवाज वर्गात शिकवतानाचा होता. "पहिली पाटी परत लाव, नितीन. वय आहे, बीपी आहे, शुगर आहे. घरी कोण असतं, ते कुठे लिहिलंय?"

साळवींनी पहिली पाटी परत आणली. कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"लिही."

साळवी कॉम्प्युटरपाशी गेले आणि उभ्यानेच टाइप करू लागले. मोठ्या पडद्यावर, वयाच्या खाली, एकेक अक्षर उमटत गेलं. इंग्रजीत, दोनच शब्द: एकटी राहते.

बाईंनी पर्समधून चष्मा काढून लावला. वाचलं. खाली बसल्या.

"आता पुढे जा," म्हणाल्या.